नईमाबी आणि पाचशे वॅटचं लेबल

अमरावतीला वलगाव रोडवर शफीकभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, असं निदान पाटीवर तरी लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्या दुकानात गेली चौदा वर्षं दुरुस्ती करते ती त्यांची बायको नईमाबी. शफीकभाई बाहेर बाकावर बसतात. गिऱ्हाईक आलं की काय बिघडलं ते विचारतात, उत्तर ऐकू येत नाही म्हणून पुन्हा विचारतात. तोवर नईमाबीने आतून येऊन स्पीकर उचललेला असतो, कोनावर, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्यावर, बोट दाबून पाहिलेलं असतं आणि काय झालंय ते तिला कळलेलं असतं.

शफीकभाईंचे कान धंद्यातच गेले. वीस-बावीस वर्षं ते दुरुस्त केलेल्या प्रत्येक स्पीकरपुढे उभे राहिले आणि "अजून वाढव" म्हणत राहिले. एका दिवाळीत त्यांना आवाज बसके वाटायला लागले. त्यांनी आठवड्याभरात पाच धडधाकट स्पीकर खोलून पाहिले. सहावा खोलायला घेतला तेव्हा नईमाबीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर आलेख काढला आणि सांगितलं की स्पीकरमध्ये दोष नाही.

सुरुवातीला ती फक्त त्यांचे कान झाली. ते कॉईल भरायचे, ती ऐकून हातानेच सांगायची: खरखर आहे, घासतंय, ठीक आहे. मग एके दिवशी त्यांना ताप आला आणि एका बँडवाल्याचे दोन स्पीकर लग्नाच्या सकाळी तयार पाहिजे होते, म्हणून कॉईलही तिने भरली. भरताना तिच्या लक्षात आलं की हे काम आपल्याला नवऱ्यापेक्षा बरं जमतं. शफीकभाईंच्याही ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर बसायला लागले.

ती मूळची अचलपूरची. वडील लग्नाकार्याला भोंगे भाड्याने द्यायचे, आई शिलाई करायची. उर्दू शाळेत सातवी झाली आणि आठवीच्या वर्गाऐवजी ती आईच्या शिलाई मशीनवर बसली. त्यामुळे कॉईलची केसासारखी बारीक तांब्याची तार कागदी नळीवर एकाला एक लागून, मध्ये फट न ठेवता गुंडाळायची म्हणजे काय, हे तिला शिकवावं लागलं नाही. कपड्याची घडी बसते तशी तिच्या हाताखाली तार बसायची.

राजकमल चौकाच्या बाजूला वाद्यांचं आणि साऊंडच्या सामानाचं दुकान चालवणारा विपुल तिच्याकडे यायला लागला तो या हातामुळेच. तेव्हा तो तिशीतला होता, बोलायला गोड, आपा आपा करणारा. आधी दुरुस्तीची कामं आणायचा. २०१६च्या सुमारास तो नवे सांगाडे आणायला लागला: चुंबक बसवलेले, रंग दिलेले, आत काही नसलेले. सोबत कोन, तार आणि लेबलांचा एक गठ्ठा. लेबलं चकचकीत होती. वर एका जर्मन कंपनीचं नाव होतं, हार्टविक, आणि खाली ५०० वॅट.

नईमाबीने तार बोटांत धरून पाहिली. ती म्हणाली, "ही तार शंभर वॅटची हाये."

"हो, शंभरचीच भरा," विपुल म्हणाला.

"मंग यावर पाचशे काहून लिवलं?"

"आपा, ते कंपनीचं लेबल हाये. कंपनी जे लिहिते ते लिहिते. तुमी फक्त चिकटवा."

कंपनीनेच काम इकडे द्यायला सुरुवात केलीय, असं त्याने सांगितलं. जर्मनीतल्या कंपनीला वलगाव रोडचा पत्ता कसा कळला, हे नईमाबीने विचारलं नाही. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. पुढे कधी हा विषय निघाला की ती सरळ सांगायची, की विश्वास बसला म्हणून ठेवला असं नव्हतं, काम हातात होतं म्हणून ठेवला. दोन वर्षं तिने ते स्पीकर बनवले आणि लेबलं चिकटवली. लेबल वाकडं लागलेलं तिला चालायचं नाही. खरडून काढायची आणि पुन्हा सरळ लावायची.

मग दिल्लीहून तयार माल यायला लागला आणि विपुलचं ते काम आपोआप बंद झालं. नईमाबी पुन्हा दुरुस्तीला लागली. नवं काम गेल्याचं वाईट वाटलं. लेबलं संपली याचं थोडं बरंही वाटलं. यातलं काहीच तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, कारण त्याला सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागलं असतं.

सहा वर्षं गेली. दरम्यान विपुलने अकोल्याला दुसरं दुकान काढलं.

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात बारा बायांचा बचत गट होता. अध्यक्ष मनकर्णाबाई, साठीच्या, पायाने थोड्या अधू, बोलायला अजिबात अधू नव्हत्या. सचिव साधना, पस्तिशीची, बी.ए. झालेली. बाकीचे गट पापड आणि शेवया करायचे. यांनीही एक वर्ष पापड केले आणि गावातल्या सगळ्या घरांत आधीच पापड आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. लाऊडस्पीकर मात्र एकाही घरात नव्हता. प्रत्येक कार्याला तो तेल्हाऱ्याहून आणावा लागायचा आणि आणणारा माणूस दोन तास उशिरा येऊन वर जेवणात मीठ कमी आहे म्हणायचा. मनकर्णाबाईंनी ठराव मांडला की गटाने स्वतःचं साऊंड घ्यावं. ठराव एकमताने पास झाला. एकीच्या नवऱ्याने बायका कुठं साऊंड चालवतात का म्हणून विचारलं, पण तो सभासद नव्हता.

अकोल्याच्या दुकानातून त्यांनी हार्टविकचे दोन मोठे स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि माईक घेतले. दुकानदाराने, म्हणजे विपुलनेच, पावती दिली, एक वर्षाची गॅरंटी लिहून दिली आणि महिला सक्षमीकरणाबद्दल दोन शब्द बोलला.

पहिलं काम गावातच, जानरावांच्या मुलीच्या लग्नाचं मिळालं. साधनाने सगळं जोडलं, मनकर्णाबाईंनी नारळ फोडला. सनई चांगली वाजली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिसऱ्याच्या शेवटी एका स्पीकरमधून धूर निघाला. आधी लोकांना वाटलं उदबत्ती आहे. मग वास आला आणि आवाज बंद पडला. दुसरा स्पीकर साधनाने पटकन काढून ठेवला. पुढची मंगलाष्टकं गुरुजींनी नुसत्या गळ्याने म्हटली. त्यामुळे झालं काय, की त्या गावात पहिल्यांदाच लोकांना मंगलाष्टकं नीट ऐकू आली आणि गुरुजी पाचव्यावरून थेट शेवटच्यावर गेले हेही कळलं. लग्न लागलं. जानराव नंतर म्हणाले की लेक तर नांदून राहिली, मग धुराचं काय घेऊन बसायचं. पण पुढची तीन कामं बायांच्या हातून गेली आणि तेल्हाऱ्याचा तो उशिरा येणारा माणूस पुन्हा यायला लागला, आता त्याहून उशिरा.

साधना जळका स्पीकर घेऊन अकोल्याच्या दुकानात गेली. तिथे सांगितलं की तुम्ही तो चुकीचा जोडला, बायांना जमत नाही, गॅरंटीत बसत नाही. तिने विचारलं की चुकीचा म्हणजे नेमका कसा. ते त्यांना सांगता आलं नाही. मग साधनाने अकोल्यातल्याच एका बँडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अमरावतीला एक बाई आहे, ती सांगेल खरं काय ते.

अशा रीतीने एका गुरुवारी दुपारी मनकर्णाबाई आणि साधना एसटीने दोन स्पीकर मांडीवर आणि पायात घेऊन वलगाव रोडवर आल्या. कंडक्टरने दोन्ही स्पीकरची सामान म्हणून तिकिटं फाडली होती. मनकर्णाबाई त्याबद्दल अजून बोलत होत्या. शफीकभाईंनी त्यांना काय बिघडलं ते दोनदा विचारलं. मनकर्णाबाईंनी दोन्ही वेळा, आणि अधिक मोठ्याने, एसटीचंच सांगितलं.

नईमाबीने जळका स्पीकर टेबलावर घेतला. कोनाच्या मधली टोपी पातळ पात्याने अलगद उचलली. आत काळं झालं होतं. पण काठाला, जिथे बाहेरून आलेली तार कॉईलला जोडतात, तिथे सोल्डरच्या आधी एक गाठ होती. जांभळ्या धाग्याची.

स्पीकर वाजला की कोन थरथरतो आणि थरथरून थरथरून ती जोडाची तार तुटते. ती तुटू नये म्हणून नईमाबी तिला आधी सुईदोऱ्याने कोनाला टाचून घ्यायची आणि मग वर गोंद लावायची. दुसरा कोणी हे करत नाही, कारण दुसरा कोणी शिलाई करणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला नाही. त्या दोन वर्षांत तिच्याकडे जांभळ्या धाग्याचं मोठं रीळ होतं, मुलीच्या, नगमाच्या ईदच्या फ्रॉकसाठी आणलेलं. नगमा तेव्हा नऊ वर्षांची होती. फ्रॉक लहान झाला तरी रीळ संपलं नव्हतं.

स्वतःच्या हाताची गाठ पाहून तिला पहिल्यांदा आनंद झाला. गाठ जागची हलली नव्हती. कॉईल जळून कोळसा झाली, पण जोड तुटला नव्हता. ती मनात म्हणाली, काय पक्कं काम आहे. या विचाराची लाज तिला त्यानंतर थोड्या वेळाने वाटली.

ती एवढंच म्हणाली, "कॉईल शंभरची हाये. वर पाचशे लिवलं. तुमी जोडला बराबर, पण शंभरच्या बैलाले पाचशेचा नांगर जुंपला तं तो बसनच."

"म्हणजे कंपनीनं फसवलं?" साधनाने विचारलं.

"कंपनीचा नाही हा."

"मंग कोनाचा?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

नईमाबीने टोपी परत जागेवर ठेवली. म्हणाली, "कंपनीचा नाही, एवढं मी लिहून देतो." आणि तेवढं तिने लिहून दिलं, उर्दूत आणि खाली मराठीत. साधनाने ते वाचलं, घडी करून पाकिटात ठेवलं आणि आम्ही ग्राहक आयोगात जाऊ म्हणाली. दुसरा स्पीकर नईमाबीने उघडला नाही. तो तसाच ठेवा, लागेल, असं तिने सांगितलं.

त्या बाया गेल्यावर तिला नवऱ्याला सांगणं भाग होतं. ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हती, म्हणून तिने गोंदाच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: वो स्पीकर मैंने बनाया था, विपुल के लिए, और लेबल भी मैंने चिपकाया. शफीकभाईंनी चष्मा लावला, पुठ्ठा दूर धरला, जवळ धरला. आणि आपला आवाज केवढा आहे हे ठाऊक नसलेला माणूस बोलतो तसे बोलले.

"तूने बनाया? नकली? विपुल के लिए?"

शेजारचा पंक्चरवाला थांबला. समोरच्या किराणा दुकानातली दोन माणसं थांबली. मग पंक्चरवाल्याने उगाचच नळीत हवा भरायला सुरुवात केली. नईमाबी आत जाऊन बसली. शफीकभाई थोड्या वेळाने आत आले आणि या वेळी खरोखर हळू बोलले. नईमाबीच्या म्हणण्याप्रमाणे गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले की आता कळलंच आहे सगळ्यांना, तर नीट तरी कळू दे.

महिन्याभराने विपुल आला. आयोगाची नोटीस त्याला मिळाली होती आणि सोबत नईमाबीच्या चिठ्ठीची प्रत. तो आता चाळिशीच्या जवळ होता, पोट सुटलं होतं, आवाज तसाच गोड होता. जुना माल गोदामात पडून होता, अकोल्याच्या पोरांनी चुकून तो विकायला काढला, असं तो म्हणाला, बायांना पावती त्याने स्वतःच दिली होती तरी. नईमाबीने त्याला चहा दिला.

"आपा, चिठ्ठी वापस घ्या. म्हणा की पाहण्यात चूक झाली."

"चूक तं नाही झाली."

"तुमचंबी नाव येईन त्यात. लेबल कोनं चिकटवलं? मी नाही चिकटवलं."

त्याने चहा संपवला आणि जे मनात होतं ते बोलला. लोकांना नाव पाहिजे असतं. नाव असलेला स्पीकर परवडत नाही आणि बिननावाचा घेतला तर शेजारी हसतात. ते स्वतःच येऊन विचारतात की कंपनीसारखं काही आहे का. मी नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात, तिथे आहे. माझ्या दुकानात अस्सलही आहे, मागं कपाटात, त्याच्यावर धूळ बसलीय.

यातलं काही खोटं नव्हतं, हे नईमाबीला माहीत होतं. ती म्हणाली, "त्या बायांनं तुले कंपनीसारखा मांगला होता का कंपनीचा?"

विपुलने कप खाली ठेवला. त्याला दुसरं काम होतं, तो गेला.

तारीख अकोल्याला लागली. आयोगात सहसा कागदावरच काम चालतं, पण आयोगाच्या अध्यक्षबाईंनी साक्षीदाराला समक्ष बोलवायचं ठरवलं. नईमाबी सकाळच्या गाडीने गेली. सोबत शफीकभाई होते, कारण ती कुठे एकटी गेली की ते घरी बसून टीव्ही सगळ्यात मोठ्या आवाजावर लावायचे आणि शेजारी तक्रार करायचे. मनकर्णाबाईंसकट गटाच्या बाराही बाया आल्या होत्या. खोलीत खुर्च्या सहा होत्या.

विपुलचे वकील अश्विनसाहेब तरुण होते आणि तयारी करून आले होते. त्यांनी शिक्षण विचारलं. सातवी, उर्दू माध्यम. तांत्रिक प्रमाणपत्र आहे का? नाही. कंपनीने कधी प्रशिक्षण दिलंय का? नाही. दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आहे? नवऱ्याचं. नवरा काय करतो? बाकावर बसतो. अध्यक्षबाईंनी मान वर करून पाहिलं. शफीकभाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण आपल्याकडे बघितलं म्हणून त्यांनी सलाम केला.

"हार्टविक कंपनीचा अस्सल स्पीकर तुम्ही आयुष्यात कधी खोलून पाहिलाय का?" वकिलांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"एकदाबी नाही."

वकील अध्यक्षबाईंकडे वळले. मग परत फिरून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता असं त्यांनी नंतर स्वतःच साधनाला बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं. "अस्सल कसा असतो हेच ज्यांना माहीत नाही, त्या हा नकली आहे असं कशावरून म्हणतात?"

"कारण हा मी बनवला हाये," नईमाबी म्हणाली.

टंकलेखकाचा हात थांबला. अध्यक्षबाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि तिने पुन्हा सांगितलं, सविस्तर, घाई न करता. कोणत्या वर्षी, किती महिने, सांगाडे कसे आले, लेबलं कुठल्या रंगाची होती. ती म्हणाली की तेव्हा मला शंका आली होती, मी विचारलं, उत्तर पटलं नाही आणि तरी काम केलं. दोन वर्षं केलं. वाकडं लागलेलं लेबल खरडून पुन्हा सरळ लावायची, हेही तिने सांगितलं.

वकील म्हणाले की ही बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःला गुन्हेगार म्हणते, हिच्या बोलण्याला पुरावा काय. नईमाबी म्हणाली की दुसरा स्पीकर उघडा. टोपीखाली जांभळ्या धाग्याची गाठ निघेल, तीन वेढ्यांची. स्पीकर टेबलावर ठेवला. उघडायला कोणाकडेच हत्यार नव्हतं. शेवटी मनकर्णाबाईंनी पिशवीतून अडकित्ता काढला आणि त्याच्या टोकाने नईमाबीने सर्वांसमोर टोपी उचलली. अध्यक्षबाई खुर्चीतून उठून आल्या. गाठ होती. त्यांनी वेढे मोजले. तीन होते.

विपुलने खाली मान घातली नाही की वाद घातला नाही. तो गाठीकडे पाहत राहिला. दोन वर्षं त्याने शेकडो स्पीकर या बाईकडून नेले होते आणि एकही कधी उघडून पाहिला नव्हता.

निकाल दोन महिन्यांनी लागला. दुकानाने सगळं सामान परत घ्यावं, भरपाई द्यावी आणि उरलेला असा माल विक्रीतून काढावा. निकालपत्रात एक परिच्छेद नईमाबीवर होता. साक्षीदार स्वतः या व्यवहारात सामील होती, ही बाब गंभीर आहे, आणि तिने ती स्वतःहून सांगितली, हीही बाब आहे, असं त्यात म्हटलं होतं. नगमाने तो परिच्छेद तिला तीनदा वाचून दाखवला. नईमाबीने विचारलं की म्हणजे चांगलं लिहिलंय की वाईट. नगमा अकरावीत होती. ती म्हणाली, दोन्ही.

त्यानंतर कंपनीचा माणूस आला. नितेश नावाचा, मुंबईहून, इस्त्रीच्या शर्टात. नकली मालाचा शोध घेणं हेच त्याचं काम होतं. आपल्यावर खटला होणार असं धरून नईमाबीने डबा भरून ठेवला होता. पोलीस चौकीत जेवण कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. नितेशने जबाब लिहून घेतला, पुन्हा असं करणार नाही असा कागद पुढे ठेवला आणि तिने सही केली. सही उर्दूत आहे म्हटल्यावर खाली मराठीतही केली. कंपनीला दुकानदार आणि पुरवठादार हवे आहेत, तुमच्यावर पुढे काही होणार नाही, असं तो म्हणाला. मग नईमाबीने विचारलं की अस्सल पाहायला मिळेल का.

त्याच्या बॅगेत दाखवायला म्हणून एक अस्सल स्पीकर अर्धा कापून ठेवलेला होता. तो त्याने टेबलावर ठेवला. नईमाबीने हात धुतले, पुसले आणि तो उजेडात नेला. बराच वेळ पाहिला. कॉईलवर नखाची कड फिरवली. शफीकभाईही उठून आले. पूर्ण आयुष्य या धंद्यात घालवून दोघंही ती वस्तू पहिल्यांदाच बघत होती.

"तार लय चांगली हाये," ती म्हणाली. "गोंद तं असा मी कधी पाह्यलाच नाही. पण इथं जोडावर टाका नाही मारला. इथून तुटन."

नितेश म्हणाला की आमच्याकडे तक्रारी येतात त्या बहुतेक याच जागेच्या असतात. एवढं बोलून त्याने घाईघाईने स्पीकर बॅगेत भरला, कारण हे बोलायचं नव्हतं. डबा त्यानेच खाल्ला.

नईमाबीच्या धंद्याचं जे व्हायचं ते झालं. निम्मी गिऱ्हाइकं आली नाहीत, कारण बाई नकली माल बनवते. महिन्याभरात तेवढीच नवी आली, त्याच कारणासाठी. परतवाड्याच्या एकाने तर हळूच विचारलं की हार्टविक जमलं तर दुसऱ्या कंपन्यांचं जमेल का. तिने त्याला बाहेर शफीकभाईंशी बोला म्हणून सांगितलं. तो शफीकभाईंच्या कानाशी हळूच बोलला. मग जरा मोठ्याने बोलला. मग आजूबाजूला बघून निघून गेला.

विपुलने चार महिने तोंड दाखवलं नाही. मग एक दिवस त्याने दुरुस्तीचे दोन स्पीकर पाठवले, सोबत काही निरोप नव्हता. नईमाबीने ते दुरुस्त केले आणि परत पाठवले. सोबत तिचाही काही निरोप नव्हता. हे अजून असंच चालू आहे.

बचत गटाला मिळालेल्या भरपाईत अस्सल हार्टविक येत नव्हता. बायांनी सभा घेतली आणि मनकर्णाबाई वलगाव रोडवर येऊन म्हणाल्या, "नईमाबाई, आमाले तुमचेच पाह्यजेत. पण खरे."

तिने दोन स्पीकर बनवले. महिना लागला, कारण तिने नितेशच्या स्पीकरात पाहिला तसा गोंद शोधायला तीन गावं पालथी घातली आणि शेवटी जवळपास तसा मिळाला. नाव काय घालायचं यावर मनकर्णाबाई आणि साधनाचं एकमत होईना. एकीला देवीचं हवं होतं, एकीला गटाचं. नईमाबीने ब्रशने पांढऱ्या रंगात १०० वॅट एवढंच लिहिलं. कोणाला वाईट वाटू नये म्हणून ते सुंदर अक्षरात लिहिलं.

पहिल्या कार्यक्रमाला तिला बोलावणं आलं. गावात शाळेच्या मैदानावर महिला मेळावा होता, सकाळी अकराला. आपण बनवलेला स्पीकर मोकळ्या मैदानावर कसा वाजतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. ऐकला तो दुकानाच्या दहा फुटांत, भिंतीला टेकून. साधनाने माईक हातात घेतला, हॅलो म्हणाली. आवाज स्वच्छ होता. साधनाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. नईमाबी मागच्या कडुनिंबाखाली उभी राहून ऐकत होती आणि तिला जाणवलं की इथवर तो जेमतेम पोहोचतोय.

मागून जानरावांनी हात वर केला. ते मेळाव्याला का आले होते कोणास ठाऊक, पण ते सगळीकडे असतात. "आवाज वाढवा," ते म्हणाले.

"एवढाच हाये," साधना माईकवरून म्हणाली. "शंभरचाच हाये तो. पुढं येऊन बसा."

थोडी कुजबुज झाली. मग मागच्या बायांनी सतरंज्या उचलल्या आणि पुढे आणून टाकल्या. जानरावही आले आणि बायांच्या मधोमध बसावं लागल्याने अवघडून बसले. एका पोराच्या पायाखाली वायर आली, ती मनकर्णाबाईंनी काठीने बाजूला केली. कार्यक्रम चालू झाला. नईमाबीने दोन्ही कोनांवर एकेकदा तळहात ठेवून पाहिला, गरम लागत नव्हते. दुपारी तिने पंगतीत बसून वरण-बट्टी खाल्ली आणि साडेतीनच्या एसटीने अकोल्यामार्गे अमरावतीला निघाली.